'रक्तक्षय' म्हणजे काय ऐकू येतं? किशोरींच्या गटचर्चांची पार्श्वभूमी

ॲनिमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारं, लोह असलेलं प्रथिन) कमी असणं. तो रोखण्यासाठी 1970 साली लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो गरोदर माता आणि लहान मुलांसाठी. किशोरींचा नंबर फार उशिरा लागला. 2010 च्या 'सबला' योजनेत अंगणवाडीशी जोडलेले 15 ते 25 मुलींचे गट आले, प्रत्येकात एक सखी (गटाची प्रमुख) आणि दोन सहेली (तिच्या मदतनीस). 2012 पासून आठवड्याला एक निळी गोळी मिळू लागली. रंग मुद्दाम वेगळा, कारण लाल गोळी पोटुशीची, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

खरा गुंता शब्दाचा. सरकारी पत्रकांत ॲनिमियासाठी 'रक्तक्षय' रुळला. मुलींच्या कानावर मात्र 'क्षय' पडतो, म्हणजे टीबी, आणि लग्नाच्या वयाकडे झुकलेल्या मुलीच्या घरी असा शब्द नकोच असतो. 'रक्ताल्पता' पुस्तकातच राहिला, 'पांडुरोग' म्हटलं की कावीळ आठवते. म्हणून गटांत 'अंगात रक्त कमी' चालू झालं. भीती गेली, पण गल्लत आली: रक्त म्हणजे जणू हंड्यातलं पाणी. 'आधीच कमी आहे' म्हणून बोट टोचायला नकार, आणि लाल ते रक्त वाढवतं म्हणून बीट. 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम! आमच्या मते चर्चा 'हिमोग्लोबिन'पासूनच सुरू करावी. तो शब्द मुली सहज उचलतात, आणि 12 ग्रॅमची रेषाही (100 मिली रक्तात याहून कमी म्हणजे ॲनिमिया) लक्षात राहते.

2018 मध्ये गोळीतलं लोह 100 वरून 60 मिलिग्रॅमवर आलं. फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅमच राहिलं, वर्षातून दोनदा जंतनाशकही. गोळी जेवणानंतर, चहा तासभर लांब, वरणावर लिंबू. शी काळी होते हे पहिल्याच बैठकीत सांगावं, नाहीतर मुली घाबरतात आणि पुढची गोळी गटारात जाते.

आकड्यांवर मात्र वाद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींमधलं ॲनिमियाचं प्रमाण 2015-16 मध्ये 54.1 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 59.1 झालं. दोन्ही मोजण्या बोटातल्या थेंबावर. शिरेतलं रक्त घेणाऱ्या 2016-18 च्या पाहणीत 10 ते 19 वयाच्या मुलींमध्ये ते सुमारे 40 टक्केच निघालं.

सौम्य किंवा मध्यम ॲनिमियात रोज दोन गोळ्या, तीन महिने. महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर मुलीला पुढे पाठवायचं. गडचिरोली, नंदुरबारकडे तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी आधी, कारण तिथे प्रत्येक 'रक्त कमी' लोहाच्या कमतरतेचंच नसतं.