रांगेत घुसणाऱ्याला कोण उतरवतं?

कुर्ला स्टेशनबाहेर सकाळी बीकेसीच्या शेअर रिक्षासाठी ही लांब रांग असते. परवा एक गृहस्थ रांग डावलून थेट रिक्षात जाऊन बसले. आम्ही सगळे गप्प. माझ्यामागच्या एक बाई मात्र तरातरा पुढे गेल्या आणि त्यांना उतरवूनच थांबल्या. तोवर रांग सरकली होती. बाई मुकाट्याने शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

ऑफिसात हे सांगितलं तर मैत्रीण म्हणाली, “आठ नंबर!” म्हणजे एनिआग्राममधला आठवा प्रकार. ऑस्कर इचाझो आणि क्लाउदिओ नारान्हो यांनी घडवलेल्या या पद्धतीत माणसांचे 9 प्रकार मानतात. आठवा म्हणजे आव्हान देणारा. आपली सूत्रं दुसऱ्याच्या हाती जातील ही त्याची भीती, म्हणून तो आधीच ताठ उभा राहतो आणि दुबळ्यांची बाजू घेतो. वर्णन पटतं, पण त्यामागे भक्कम पुरावा नाही. काही जण तर त्याला मूलांक 8 आणि शनीही जोडतात. त्याला काडीचाही आधार नाही.

मला त्या बाईंचं कोडं जास्त ओढतं. पदरमोड करून अनोळखी माणसाला धडा का शिकवायचा?

एर्न्स्ट फेहर आणि सिमॉन गेश्टर यांनी झुरिकमध्ये 240 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2002 साली ‘नेचर’मध्ये आला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे 20 नाणी. सामायिक खात्यात एक नाणं टाकलं की चौघांनाही प्रत्येकी 0.4 मिळतात. म्हणजे गटाला 1.6, पण टाकणाऱ्याला स्वतःला 0.4च, त्याचा 0.6चा तोटा. फुकट्याचं फावतं ते इथेच: स्वतःची 20 राखायची, वर इतरांच्या नाण्यांतला वाटाही घ्यायचा. मग दंडाची सोय दिली. आपलं 1 नाणं खर्च केलं की समोरच्याची 3 जातात. दर फेरीला गट बदलायचा, तेच लोक पुन्हा भेटणार नाहीत, म्हणजे दंड करणाऱ्याला पुढे फायदा शून्य. तरीही 84 टक्क्यांहून जास्त जणांनी निदान एकदा दंड केला! दंडाची सोय असताना वर्गणी वाढली, ती काढल्यावर घसरली. दंड करणाऱ्याला ढकलत होता तो राग, असं संशोधकांचं म्हणणं.

पण राग कोणासाठी? जर्मन मानसशास्त्रज्ञ मानफ्रेड श्मिट यांनी न्यायाबद्दलची संवेदनशीलता मोजताना इथेच फोड केली. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे ज्यांना फार झोंबतं आणि ‘त्याच्यावर झाला’ हे ज्यांना झोंबतं, ती माणसं एकसारखी वागत नाहीत. पहिल्या गटात संशय आणि स्वार्थाकडे कल जास्त दिसतो, दुसऱ्यात मदतीकडे. आठ नंबरचं लेबल या दोघांना एकाच डब्यात बसवतं.

त्या बाईंचं नुकसान एका जागेचं होतं, तेवढंच आमचंही. पण नंबर गमावला तो फक्त त्यांनी. त्यांना परत रांगेत घ्यायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही, मलाही नाही.