गळणारा घाम आणि रविवारची धाव

रविवारी पहाटे शिवाजी पार्कला उद्यान गणेश मंदिरापाशी आम्ही वीस-बावीस जण धावायला जमतो. कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण 1.17 किलोमीटर भरते, त्यामुळे चार फेऱ्या आणि वर पाव फेरीहून किंचित जास्त धावले की पाच किलोमीटर पूर्ण होतात. शुल्क नाही, बक्षीस नाही. ज्याला त्या दिवशी धावायचे नसते तो वही आणि घड्याळ घेऊन कट्ट्यावर बसतो आणि प्रत्येकाची वेळ नोंदवतो. दर आठवड्याला त्याच बागेत, तेवढेच अंतर, सर्वांसाठी विनामूल्य, ही रीत जगभर रुजवली ती 'पार्करन'ने. 2 ऑक्टोबर 2004 रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी भरवलेल्या पहिल्या धावेत अवघे 13 जण धावले होते.

अशी वही वर्षभर ठेवली की तिचा आपोआप एक प्रयोग होतो. अंतर तेच, मैदान तेच, धावणारे शरीरही तेच. बदलते ती मुख्यतः हवा. माझ्या नावापुढे जानेवारीत 34 मिनिटे आहेत आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला 38. आळस वाढला असावा, अशी माझी आधी समजूत होती. उत्तर मात्र घामात सापडले.

धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. 60 किलो वजनाची व्यक्ती पाच किलोमीटर धावली, तर हा खर्च 300 किलोकॅलरींच्या आसपास जातो. स्नायू त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामासाठी वापरतात. उरलेल्या, म्हणजे जवळपास 240 किलोकॅलरींची निव्वळ उष्णता होते. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढायला साधारण 50 किलोकॅलरी पुरतात. तेव्हा ही उष्णता आतच कोंडली, तर पाच किलोमीटर संपेपर्यंत शरीर चार-पाच अंशांनी तापेल, आणि तसा ताप प्राणघातक ठरू शकतो. तसे होत नाही याचे मोठे श्रेय घामाला आहे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 0.58 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. त्या हिशेबाने 400 ग्रॅमांहून थोडा अधिक घाम सगळा भार उचलू शकतो, मात्र त्याची वाफ झाली पाहिजे. हनुवटीवरून टपकून फरशीवर पडलेला थेंब जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. घामाच्या धारा लागल्या म्हणजे व्यायाम चांगला झाला, हा समज म्हणूनच मला घातक वाटतो. धारा लागणे म्हणजे घाम वाया जाणे.

घामाची वाफ किती वेगाने होईल, हे त्वचेपाशी असलेला बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) आणि हवेतला बाष्पदाब यांच्यातील फरकावर ठरते. हवेतील बाष्पाचा खरा अंदाज दवबिंदूवरून, म्हणजे ज्या तापमानाला हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यावरून, येतो. थंडीतल्या कोरड्या सकाळी मुंबईत तो 15 अंशांपर्यंत उतरतो, तर पावसाळ्यात आणि पाऊस सरतानाच्या उकाड्यात 24-25 च्या घरात असतो. त्वचा 35 अंशांची धरून गणित केले, तर दवबिंदू 15 वरून 25 वर जाताच बाष्पीभवनाला चालना देणारा हा फरक जवळपास 40 टक्क्यांनी घटतो. मग हृदयाला दोन आघाड्यांवर लढावे लागते: स्नायूंना रक्त पुरवायचेच, शिवाय उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही जास्त रक्त वळवायचे. वेग तोच ठेवला तरी नाडी चढत जाते. ती चार मिनिटे तिथे गेली होती.

आता सोबतीचा भाग. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकापथकातील 12 वल्हेकऱ्यांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रावर एकट्याने वल्हवल्यानंतर आणि तेवढ्याच जोराने सर्वांनी मिळून वल्हवल्यानंतर, रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर फुगवून, वेदना कुठे असह्य होते ते तपासले गेले. एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची मर्यादा अधिक वाढलेली आढळली. शरीरात एंडॉर्फिन हे वेदना शमवणारे रसायन जास्त स्रवत असावे, असा संशोधकांचा तर्क होता. शेजारी कोणी धावत असले की चौथी फेरी सोपी जाते, हा आमचाही अनुभव आहे. पण सोसण्याची ताकद वाढली म्हणून उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता वाढत नाही. दमट सकाळी शरीर 'थांब' म्हणत असते आणि घोळक्यात ते ऐकू येत नाही. भोवळ, मळमळ, अंगावर अचानक शहारे किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली, तर त्या क्षणी थांबवून सावलीत न्यावे, अंग भिजवून वारा घालावा आणि असंबद्धता असेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

शरीर उष्णतेला सरावते, त्याला सलग 10 ते 14 दिवस लागतात: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आठवडाभर वातानुकूलित कार्यालयात बसून फक्त रविवारी धावणाऱ्याला हा सराव मिळत नाही. आमच्यातल्या अशा मंडळींनी मधल्या दिवसांत निदान अर्धा तास बाहेर भरभर चालावे, असा माझा आग्रह असतो.

सोबतीचाच एक उपयोग मात्र मला फार मोलाचा वाटतो. धावता धावता शेजारच्याशी अख्खे वाक्य बोलता येत असेल, तर वेग झेपणारा आहे. दोन शब्दांत धाप लागत असेल, तर नाही. आम्ही जूनपासून वहीत आणखी दोन रकाने आखले आहेत. एकात त्या सकाळचा दवबिंदू लिहितो, दुसऱ्यात तिसऱ्या फेरीला वाक्य पूर्ण झाले की नाही ते. दवबिंदू 24 च्या वर असेल, त्या रविवारी वेळेचा रकाना कोरा ठेवतो.