पांढऱ्या कागदामागचा फेस

जुवाने बैलाचा खांदा सोलवटला, की आमच्याकडे मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली येते. जखमेवर थेंब पडला रे पडला, की फेस उसळतो. रक्तातलं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. हेच द्रव्य कागदाचा लगदाही पांढरा करतं. तिथे मात्र हा फेस म्हणजे निव्वळ नुकसान.

विदर्भाने कागदाच्या दोन तऱ्हा पाहिल्या. १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागद हाती घेतला, तो चिंध्यांचा. कापसात लिग्निन, म्हणजे झाडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं आणि लगद्याला रंग आणणारं द्रव्य, जवळपास नसतंच, त्यामुळे रंगाची भानगड कमी. दुसरी तऱ्हा बल्लारपूरची. १९४५ मध्ये कंपनी उभी राहिली ती वर्धा नदीचं पाणी आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू यांच्या भरवशावर. बांबूत पाव हिश्शाच्या आसपास लिग्निन. कितीही शिजवा, थोडं चिकटून राहतंच. म्हणून लगदा किराण्याच्या पुडीसारखा खाकी निघतो.

तो पांढरा करायला जगभर क्लोरीन चालायचा. स्वस्त होता. पेरॉक्साइड थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्येच शोधलं होतं, पण ते महाग आणि नाजूक. १९४० नंतर ते मिलमध्ये आलं, तेही मुख्यतः लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्यासाठी. तिथे ते लिग्निन काढत नाही, फक्त त्याचा रंग मारतं. असला कागद उन्हात पुन्हा पिवळा पडतो. फडताळात अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र बघा.

पेरॉक्साइडचे दिवस पालटले ते १९८० च्या दशकात. क्लोरीनने पांढरा केलेल्या लगद्याच्या सांडपाण्यात अमेरिका-स्वीडनमध्ये डायॉक्सिन हे जहाल विष सापडलं. मग क्लोरीन वायूची जागा बहुतेक ठिकाणी क्लोरीन डायऑक्साइडने घेतली आणि त्याच्या जोडीला, कॉस्टिक सोड्याने लगदा धुण्याच्या टप्प्यात, ऑक्सिजनसोबत पेरॉक्साइड आलं. ‘क्लोरीन वायू नाही’ आणि ‘क्लोरीन अजिबात नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी. रिमवरची जाहिरात वाचताना आपण हे हमखास विसरतो.

पेरॉक्साइड सांभाळणं कटकटीचंच. लगद्यात लोखंड, मँगनीज, तांबं यांचा अंश राहिला, की ते लिग्निनपर्यंत पोचायच्या आत फुटतं. म्हणून आधी ईडीटीए हे धातू पकडून ठेवणारं रसायन घालून धातू धुऊन काढायचे, मग पेरॉक्साइड टिकावं म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. बैलाच्या खांद्यावर जो फेस बघून आपला जीव भांड्यात पडतो, तोच मिलमध्ये उसळला, तर धुलाई कुठे कच्ची राहिली ते शोधावं लागतं.