‘हारुकाझे’ आणि पाठलागातले आंधळे मिनिट

दुसऱ्या महायुद्धातील जपानी विनाशिकांचा (वेगवान लढाऊ जहाजांचा, ‘डिस्ट्रॉयर’चा) विषय निघाला, की ‘युकिकाझे’च्या नशिबाची कथा हटकून सांगितली जाते. कागेरो वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या, १९ विनाशिकांपैकी युद्धाअखेर ती एकटीच शाबूत राहिली हे खरे. परंतु जे जहाज वाचले त्यालाच मागाहून नशीबवान ठरवणे, म्हणजे निकाल लागल्यावर भविष्य वर्तवण्यासारखे आहे. १९५६ मध्ये जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात, म्हणजे युद्धानंतरच्या नौदलात, ‘हारुकाझे’च्या जोडीने आलेल्या नव्या विनाशिकेला हेच नाव मिळाले. तिच्या आराखड्यात मात्र नशिबावर काहीही सोपवलेले नव्हते. अमेरिकी पाणबुड्यांनी जपानचा मालवाहू ताफा बुडवून देशाची कोंडी केली होती, आणि तो धडा या आराखड्यात स्पष्ट दिसतो.

‘हारुकाझे’ आणि ‘युकिकाझे’ या युद्धानंतर जपानमध्ये बांधलेल्या पहिल्या विनाशिका. प्रमाणित विस्थापन (जहाजाचे इंधनाविना वजन) सुमारे १,७०० टन, वेग ३० नॉट (तासाला ३० सागरी मैल). दोन्ही जहाजांत वेगवेगळ्या बनावटीचे बॉयलर आणि टर्बाइन बसवले होते. तोफा, रडार आणि सोनार अमेरिकी होते. जुन्या कागेरो वर्गाची खरी ताकद असलेले ६१ सेंटिमीटर व्यासाचे पाणतीर (टॉर्पेडो) येथे नव्हते. त्याऐवजी पुढच्या भागात ‘हेजहॉग’ नावाचे, मूळ ब्रिटिश, पाणबुडीविरोधी अस्त्र होते. या जहाजांवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना तीच, असे माझे मत आहे.

सोनार पाण्यात ध्वनी सोडतो आणि पाणबुडीवर आपटून परतलेल्या प्रतिध्वनीवरून तिची दिशा व अंतर सांगतो. परंतु त्याचा झोत बराचसा आडवा असल्यामुळे जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ पोहोचले, की ती झोताखाली जाते आणि प्रतिध्वनी हरवतो. समजा, पाणबुडी १०० मीटर खोल आहे आणि २०० मीटर अंतरावर संपर्क तुटला. १५ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.७ मीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाला तिच्या डोक्यावर पोहोचायला २६ सेकंद लागतात. मग जहाजाच्या मागून टाकलेला जलबॉम्ब (ठरलेल्या खोलीवर फुटणारा स्फोटक पिंप) सेकंदाला ३ मीटर वेगाने बुडत असेल, तर त्याला तिथवर जायला आणखी ३३ सेकंद हवेत. या जवळजवळ मिनिटभरात ६ नॉट वेगाची पाणबुडी १८० मीटर सरकते. शिवाय जलबॉम्ब किती खोलीवर फुटावा हे आधीच ठरवावे लागते, आणि पाणबुडीची खोली तर कोणालाच नेमकी ठाऊक नसते. नेम चुकला तरी स्फोट होतोच, आणि त्याने ढवळलेल्या पाण्यात सोनार काही काळ निरुपयोगी ठरतो.

हेजहॉग २४ लहान गोळे जहाजाच्या पुढे सुमारे २०० मीटरवर, म्हणजे सोनारचा संपर्क तुटण्याआधीच, वर्तुळासारख्या आकृतीत फेकतो. प्रत्येक गोळ्याचा धक्का थेट डेकवर येत असल्यामुळे ते एकदम न सोडता क्षणांच्या अंतराने सोडले जातात, तरी पाण्यावर पडतात ते जवळपास एकाच वेळी. ते सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने बुडतात. म्हणजे १०० मीटरला १४ सेकंद. प्रत्येकात साधारण १६ किलो स्फोटक असते आणि तो पाणबुडीला टेकला तरच फुटतो. त्यामुळे खोलीचा अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही, नेम चुकला तर पाणी शांत राहते, आणि संपर्क न तोडता दुसरा प्रयत्न करता येतो. जलबॉम्बपेक्षा स्फोटक कितीतरी कमी असूनही स्फोट कवचाला चिकटून होत असल्याने तो पुरेसा ठरतो.

मात्र २०० मीटर हे फार थोडे अंतर आहे. अणुऊर्जेवर चालणारी अमेरिकी पाणबुडी ‘नॉटिलस’ १९५५ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली आणि पाण्याखालचा वेग ही नवी अडचण झाली. त्यानंतरच्या आयानामी वर्गात हेजहॉगच्या जोडीला पाणबुडीचा माग काढणारे छोटे पाणतीर आले. मुरासामे वर्गाला अमेरिकेच्या मिडवे वर्गाच्या विमानवाहू जहाजांवरून काढलेल्या १२७ मिलिमीटर तोफा मिळाल्या, पण पाणबुडीच्या प्रश्नाला तोफेचा उपयोग नव्हता. १९६० मध्ये अमेरिकी पैशातून बांधलेल्या ‘आकिझुकी’ आणि ‘तेरुझुकी’ या मोठ्या विनाशिकांवर हेजहॉगबरोबरच, त्याहून कितीतरी दूर मारा करणारे पाणबुडीविरोधी रॉकेट बसवले गेले.