५९०००१ (संख्या)

५९०००१ (पाच लाख नव्वद हजार एक) ही सहा अंकी विषम संयुक्त संख्या असून बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड म्हणून सीमाभागातील मराठी वाचकांच्या ती रोजच्या परिचयाची आहे.

अंकांची बेरीज १५ येत असल्यामुळे या संख्येला ३ ने निःशेष भाग जातो, ९ ने मात्र जात नाही. ३ ने भागल्यावर १९६६६७ मिळतात आणि खरी चिकाटी इथून पुढे लागते, कारण ५ पासून १९१ पर्यंतच्या ४१ मूळ संख्यांपैकी एकीनेही त्यांना भाग जात नाही; आता ही मूळ संख्याच असावी असे वाटू लागते तोच १९३ ने भाग जाऊन १०१९ हा भागाकार येतो. म्हणजेच ५९०००१ = ३ × १९३ × १०१९. तिन्ही अवयव मूळ आणि परस्परांहून भिन्न असल्याने विभाजक नेमके आठ आहेत : १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १९६६६७ आणि ५९०००१. स्वतः संख्या वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज २०१५१९, म्हणजे संख्येच्या निम्म्याहूनही बरीच कमी, भरते.

४ ने भागल्यास ३ बाकी उरणारे ३ आणि १०१९ हे अवयव प्रत्येकी एकदाच येत असल्यामुळे ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत नाही. तीन वर्ग घेतले की ते साधते (७६४² + ७९² + ८²). दोन वर्गांची वजाबाकी म्हणून ती चार प्रकारे लिहिता येते, त्यांपैकी ७९९² − २२०² हा सर्वांत आटोपशीर प्रकार होय. तिच्या सर्वांत जवळचा पूर्णवर्ग ७६८² = ५८९८२४ हा ९ × २¹⁶ इतका असून ५९०००१ त्याहून केवळ १७७ ने मोठी आहे; त्यामुळेच द्विमान पद्धतीत ती १००१००००००००१०११०००१ अशी, मध्ये सलग आठ शून्ये घेऊन येते.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. त्यांतील पहिला अंक टपाल विभाग दाखवतो आणि कर्नाटक ५ क्रमांकाच्या विभागात मोडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, परंतु त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. परिणामी चंदगडचे क्रमांक आज ४१६ ने सुरू होतात. बेळगावच्या वाट्याला ५ ने सुरू होणारा हा क्रमांक येणे हे अशा रीतीने प्रशासनाचे देणे आहे, त्याचे वर काढलेले अवयव मात्र गणिताचे. निपाणीचा ५९१२३७ हा क्रमांक मात्र वेगळ्या घडणीचा आहे : त्याच्या अंकांची बेरीज २७ असल्याने त्याला ९ नेही भाग जातो, आणि ३² × १७९ × ३६७ या मांडणीमुळे त्याचे विभाजक आठ नसून बारा होतात.