रुसलेला ऑस्कर

दर रविवारी आमच्या घरी एक रुसवा ठरलेला असतो. मी टँकमधलं पाव हिस्सा पाणी पाइपने काढतो, अँटी-क्लोरीन घातलेलं नवं पाणी भरतो, आणि पाइप गुंडाळून ठेवेपर्यंत आमचा ऑस्कर मासा तळाशी जाऊन एका कुशीवर आडवा झालेला असतो. कल्ले मंद हलत असतात, एक डोळा वर रोखलेला. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मासा गेला असं वाटून माझे हातपाय गळाले होते. तासाभराने तो उठला आणि काचेला तोंड लावून खाणं मागू लागला. आईने त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, जावईबापू.

ऑस्कर पाळणाऱ्या बहुतेकांनी हा प्रकार पाहिलेला असतो. पाणी बदललं, दगड हलवले, टँकची जागा बदलली की हा मासा आडवा पडतो. रुसवा हा आपला शब्द झाला, त्याच्या शरीरात चाललेला असतो तो ताण. माणसाच्या रक्तात ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल माशांच्या रक्तातही वाढतं. हे समजल्यापासून मी रविवारचं काम हळू हाताने करतो, नव्या पाण्याचं तापमान जुन्याशी जुळवून घेतो. आडवं पडणं पूर्ण थांबलेलं नाही, पण त्याचा वेळ कमी झाला आहे.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्याचा, सिक्लिड कुळातला. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रोनोटस ओसेलॅटस. ‘ओसेलॅटस’ म्हणजे डोळ्यासारखा ठिपका असलेला. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्यातला तो काळा ठिपका लांबून खरोखर डोळा वाटतो. त्याच्या नद्यांमध्ये इतर माशांचे पर कुरतडणारे पिरान्हा असतात, आणि शेपटीकडेही डोळा आहे असं वाटलं की ते कचरत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दुकानात बोटभर दिसणारं पिल्लू दीड-दोन वर्षांत फूटभर होतं, आणि नीट सांभाळलं तर दहा वर्षांहून जास्त जगतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. हा मासा मला खरंच ओळखतो का, की खाणं घेऊन येणारी एक उभी आकृती एवढंच त्याला कळतं?

मागच्या पावसाळ्यात मी भिजलेला रेनकोट अंगात तसाच ठेवून हॉलमध्ये आलो. टोपी डोक्यावर, रंग भडक पिवळा. एरवी मला पाहून काचेवर झेपावणारा हा मासा लाकडाच्या ओंडक्यामागे जाऊन लपला. रेनकोट बाहेर टांगून परत आलो तर तो हळूहळू पुढे आला, थांबला, मग नेहमीसारखा शेपटी हलवत वर. चाल तीच, वेळ तीच, माणूस तोच. त्याच्यासाठी मात्र माझं दिसणं बदललं होतं.

पुढे काही दिवसांनी कॉर्सिका बेटाजवळच्या समुद्रात झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचलं आणि हा रेनकोट आठवला. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या मोकळ्या समुद्रातल्या सीब्रीम माशांना एका पाणबुड्यामागे जायची सवय लावली. तो खाऊ देत असे, दुसरा पाणबुड्या देत नसे. दोघांचे पोशाख वेगळे होते तोवर मासे बरोबर खाऊवाल्यामागेच जात. दोघांनी एकसारखे पोशाख घातले तेव्हा त्यांना फरक करता येईना. 2025 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाळीव नव्हे, जंगली मासे माणसामाणसांत भेद करत होते, आणि तो भेद त्यांनी कपड्यांच्या रंगांवर बांधला होता.

चेहऱ्यांचं काय? पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा आर्चरफिश इथे कामाला आला. ऑक्सफर्ड आणि क्वीन्सलँड विद्यापीठांतल्या केट न्यूपोर्ट आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या माशांना टँकवरच्या पडद्यावर माणसांचे चेहरे दाखवले. शिकवलेल्या चेहऱ्यावर पिचकारी मारली की खाऊ. मग तो चेहरा 44 अनोळखी चेहऱ्यांमधून शोधायचा होता. माशांनी 81 टक्के वेळा बरोबर नेम धरला. डोक्याचा आकार आणि रंग यांसारख्या सोप्या खुणा काढून टाकल्यावरही नेम चुकला नाही, 86 टक्के वेळा बरोबर. माणसाच्या मेंदूत जो भाग हे काम करतो असं आपण मानतो, ते निओकॉर्टेक्स माशाला नसतंच. त्याच्या लहानशा, वेगळ्या रचनेच्या मेंदूने हे जमवलं. माझ्या मते या प्रयोगातली मोठी गोष्ट टक्केवारी नसून हीच आहे.

एकमेकांना तर ते चेहऱ्यावरून ओळखतातच. जपानी मेडाका माशांना चेहरा उलटा दाखवला की ओळख पटायला जड जातं, अगदी आपल्याला उलट्या फोटोत जातं तसं. आणि माशांची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते ही गोष्ट आता कायमची टाकून द्यावी. ऑस्ट्रेलियातले संशोधक कलम ब्राउन यांनी रेनबोफिशना जाळ्यातल्या भोकातून सुटायला शिकवलं, तर तो मार्ग त्यांना 11 महिन्यांनंतरही आठवत होता.

स्वभाव हा शब्द मात्र मी जपून वापरत असे, शास्त्रीय वाटायचा नाही म्हणून. मग बर्लिनमधल्या संशोधकांचं 2017 चं काम वाचलं. अ‍ॅमेझॉन मॉली या माशात सगळ्या माद्याच असतात, आणि मुली आईच्या हुबेहूब जनुकीय प्रती असतात. अशा जुळ्यांना जन्मल्याबरोबर एकएकटं, शक्य तितक्या सारख्या टँकमध्ये वाढवलं. तरी प्रत्येकीची वागण्याची तऱ्हा वेगळी निघाली. जनुकं तीच, पाणी तेच, आणि स्वभाव निराळे.

सिक्लिड कुळात नात्याला तर फारच महत्त्व असतं. त्यातल्या पुष्कळ जातींत नर-मादी जोडी जमवतात, अंड्यांना पंख्यासारखे पर हलवून वारा घालतात, पिल्लांना घेऊन फिरतात. आपल्या देशातही तीन जातींचे सिक्लिड आहेत. गोव्याच्या खाडीतलं काळुंदर हे त्यांतलंच एक, ताटात सगळ्यांनी पाहिलेलं, पण आईबाप म्हणून फार थोड्यांनी. त्याच्या पिवळ्या-नारिंगी भावंडाची, ऑरेंज क्रोमाइडची पिल्लं तर आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिपून खातात.

फ्रान्समधल्या संशोधकांनी 2019 मध्ये याच कुळातल्या कॉन्व्हिक्ट सिक्लिड माद्यांना डब्यांची झाकणं उघडायला शिकवलं. काळ्या-पांढऱ्यापैकी एका रंगाच्या झाकणाखाली खाणं, दुसऱ्याखाली काही नाही. मग मधल्या करड्या रंगाचा डबा ठेवला, ज्यात काय असेल ते माहीत नाही. आवडता नर टँकमधून काढून नेल्यावर माद्या या करड्या डब्याकडे जायला जास्त वेळ लावू लागल्या. नावडता नर नेला तर काही फरक पडला नाही. जोडीदार गेल्यावर जगाकडे निराशेने पाहणं, ते एवढ्याशा माशात मोजता आलं. हे वाचून मी बराच वेळ टँकसमोर बसून होतो.

जावईबापू एकटा राहतो, कारण मोठा ऑस्कर दुसऱ्या माशाला सहसा राहू देत नाही. आई दुपारी टँकसमोर खाली बसून मेथी निवडते. ती त्याला कधीच खाणं घालत नाही. तरी तो तिच्या बाजूच्या कोपऱ्यात येऊन तासभर तरंगत राहतो, तिचे हात हलतात तिकडे डोळे फिरवत. पोट भरलेलं असतं, मघाशीच मी पेलेट्स, म्हणजे खाण्याच्या गोळ्या, दिलेले असतात.

अशा जिवाला आपण काय देतो, याचा मला राग येतो तो दुकानांवरून. मला एका दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं, मासा टँकच्या मापानेच वाढतो. साफ खोटं. छोट्या टँकमध्ये घाण साचून तो खुरटतो आणि आजारी पडतो. मोठ्या ऑस्करला निदान तीनशे लिटर पाणी आणि दणकट फिल्टर हवा. गंमत म्हणून जिवंत गोल्डफिश खायला घालणंही थांबवा. गोल्डफिशमधल्या एका विकरामुळे ऑस्करच्या अंगातलं बी-1 जीवनसत्त्व कमी होतं. आणि नको झालेला मासा तळ्यात सोडू नका. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पाण्यात माणसांमुळे पोचलेले ऑस्कर आज ठाण मांडून बसले आहेत.

गेल्या महिन्यात मी शेवटी चार फुटी टँक आणला. दगड, लाकूड, जुन्या फिल्टरचा स्पंज सगळं तसंच हलवलं, म्हणजे त्यातले जिवाणू माशाच्या घाणीतून नव्या पाण्यात येणारा विषारी अमोनिया लगेच पचवू लागतील. जावईबापू दोन दिवस ओंडक्यामागे आडवा. पेलेट टाकला तर बघेना, माझं बोटही त्याने ओळखलं नाही. तिसऱ्या दुपारी आईने मेथीची जुडी सोडली. अर्ध्या तासाने ओंडक्यामागून आधी तोंड बाहेर आलं, मग तो सगळाच. नव्या टँकच्या त्याच बाजूच्या कोपऱ्यात तो येऊन थांबला, आईच्या हातांसमोर.