हातातला पट्टा आणि खुंट्याची साखळी

कुत्र्यांना घराबाहेर साखळीने बांधून ठेवण्यावर महापालिकेने किंवा नगरपरिषदेने निर्बंध आणावेत, असा विषय जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : म्हणजे आता कुत्रे मोकाट सोडायचे का? आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात प्राण्यांविषयी आकस असतोच असे नाही. रात्रपाळीहून घरी येताना मोटारसायकलमागे धावणारा कुत्रा त्यांनी अनुभवलेला असतो. मात्र या प्रश्नात दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले गेले आहेत. कुत्रा रस्त्यावर आणताना तो माणसाच्या ताब्यात असावा, हा पट्ट्याचा नियम. आणि कुत्र्याला खुंट्याला अडकवून दिवसचे दिवस तिथेच ठेवू नये, हा साखळीचा नियम. पहिल्याचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्याला विरोध करण्याचे काहीच कारण नाही.

पट्ट्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्याचे दुसरे टोक माणसाच्या हातात असते, तो फिरवून आणण्यापुरता लावला जातो आणि घरी आल्यावर निघतो. त्यामागची कायदेशीर जबाबदारीही स्पष्ट आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. साखळीवर निर्बंध आले तरी हे कलम जागच्या जागी राहते.

साखळीचे दुसरे टोक खुंट्याला, झाडाला किंवा पत्र्याच्या शेडच्या खांबाला असते, आणि खांब कुत्र्याकडे लक्ष देत नाही. यावल-रावेरकडच्या एखाद्या मळ्यात दुपारी जाऊन पाहावे. गोठ्यात पडून असलेली बैलाची जाड साखळी कुत्र्याच्या गळ्यात अडकवलेली असते. लिंबाभोवती फेऱ्या मारून मारून ती खोडाला गुंडाळली गेल्यामुळे सात-आठ हातांची साखळी दीड हाताची झालेली असते. पाण्याचे ॲल्युमिनियमचे पातेले पलीकडे उपडे पडलेले असते आणि सकाळची सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरकलेली असते. सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याने, सकाळी पाणी ठेवले होते, ही गोष्ट खरीच असते. फक्त ते पाणी कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही. पिल्लू असताना घातलेला गळपट्टा वाढत्या वयात सैल केला नाही, तर तो कातडीत रुतून जखम होते आणि उन्हाळ्यात त्या जखमेत किडे पडतात.

खानदेशात हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक तीव्र होतो तो उन्हामुळे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग आहे. त्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताने जिवावर बेतते. मोकळा कुत्रा अशा वेळी पाटाच्या ओल्या मातीत, केळीच्या बागेत किंवा ओट्याखाली जाऊन पडतो, म्हणजे स्वतःचा बचाव स्वतः करतो. बांधलेल्याला तेवढेही करता येत नाही. शिवाय तापलेली लोखंडी साखळी त्याच्या मानेशीच असते.

राखणीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण शेतातला कुत्रा हौसेसाठी पाळलेला नसतो. तरीही खुंट्याला बांधलेला कुत्रा फक्त भुंकू शकतो, आणि साखळी कुठवर पोहोचते याचा अंदाज चोराला दोन दिवसांत येतो. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावच्या डोंगरी भागात बिबट्या आला, तर बांधलेला कुत्रा ही त्याची सर्वांत सोपी शिकार ठरते. चावण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चावलेले कुत्रे अंगणात साखळीने बांधलेले असण्याची शक्यता न चावलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत २.८ पट आढळली होती. मुळात तापट कुत्राच लोक बांधून ठेवतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकेल. पण पळून जाण्याची वाट बंद असलेला प्राणी जवळ येणाऱ्यावर, विशेषतः लहान मुलावर, धावून जातो हे कोणत्याही गावात दिसते.

यावर कायदा आधीच आहे, मग स्थानिक नियम कशाला, असेही विचारले जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम खरोखरच याची दखल घेतो. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे हाही गुन्हा आहे. अडचण अशी की किती तास आणि किती फूट म्हणजे अवाजवी, हे तिथे सांगितलेले नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता धड साखळीही मिळत नाही. त्यातही हा गुन्हा दखलपात्र नाही, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो करताच येत नाही.

ही मोघम जागा भरण्याचे काम स्थानिक नियमाने करायचे आहे. कॅलिफोर्नियात २००७ पासून कुत्र्याला एका जागी बांधण्याची मर्यादा, मोजके अपवाद वगळता, चोवीस तासांत तीन तास आहे. टेक्सासने २०२२ पासून बाहेर बांधलेल्या कुत्र्यासाठी सावली, पाणी आणि निवारा सक्तीचा केला आणि लोखंडी साखळीलाच मनाई केली. जर्मनीने २०२३ पासून कुत्रा बांधून ठेवण्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आणली. माझ्या मते खानदेशासाठी जर्मनीचा मार्ग आज लागू होणारा नाही. ज्याच्या शेताला कुंपणच नाही त्याला एका रात्रीत कुंपण घालायला सांगणे म्हणजे नियम कागदावर ठेवणे होय. तासांची मर्यादा, साखळीची किमान लांबी, वजनाने हलका दोर, पीळ न पडणारी फिरती कडी, हाताशी पाणी, आणि मार्च ते जून या काळात सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच उघड्यावर बांधण्यास पूर्ण मनाई, एवढे लिहिले तरी निरीक्षकाला घड्याळ आणि टेप घेऊन निर्णय देता येईल. कुंपण उभारण्यासाठी वर्षभराची मुदत द्यावी. तोवर दोन खांबांमध्ये उंचावर ताणलेल्या तारेवरून सरकणारा दोर चालवून घ्यावा. तोही बांधणेच आहे, पण त्यात कुत्र्याला ये-जा करता येते आणि दोर खोडाला गुंडाळला जात नाही.

जळगाव आणि धुळे महापालिकांना उपविधी, म्हणजे आपल्या हद्दीपुरते नियम, करता येतात. त्यांना राज्य शासनाची मंजुरी लागते आणि त्याआधी नागरिकांच्या हरकती ऐकल्या जातात. मसुद्यात पट्ट्याचे आणि साखळीचे कलम एकाखाली एक ठेवावे : सार्वजनिक रस्त्यावर कुत्रा पट्ट्याशिवाय आणू नये, आणि स्वतःच्या आवारात तो ठरावीक तासांपलीकडे बांधू नये. मग मोकाट कुत्र्यांची हरकत घेऊन येणाऱ्याला वरचेच कलम वाचून दाखवता येईल.